गेम संपतो का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४२. कॉलेजात व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स, काउंटर-स्ट्राइक भरपूर खेळलो. मग नोकरी, संसार, सगळं सुटलं. यंदा दहा वर्षांच्या मुलासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही, पीएस५ हा गेम कन्सोल घेतला. पाच हजारांचा गेम आणला. डिस्क घातली तर आधी तासभर डाउनलोड, आणि मग गेमच्या आतच दुकान. मुलगा आता फुटबॉलच्या गेममधल्या पॅकसाठी माझं कार्ड मागतो. गेम बिघडलेत की माझं वय झालं? शिवाय भाचीला याच क्षेत्रात जायचंय, तिला काय सांगू?"

वयाचा काही संबंध नाही. मी तुमच्याच वयाची आहे. १९९२ पासून खेळते आहे, त्यातली अकरा वर्षं पुण्यात गेम टेस्टर म्हणून काम केलंय, आणि अजूनही नवा गेम सुरू होताना पोटात तसंच गलबलतं. गेल्या दहा वर्षांत आलेले काही गेम मी आयुष्यात खेळलेल्या सगळ्यांत उत्तम आहेत. तेव्हा गेम सरसकट बिघडले, हे मला मान्य नाही. बदलली ती गेम विकायची रीत. ती रीत काही गेमच्या पोटात शिरली आणि त्यांची घडणच तिने बदलून टाकली. तुम्हाला जे खुपलं ते हेच, आणि ते खुपलं यात तुमची पारख दिसते.

आमच्या नाशिकच्या घरी व्हिडिओ गेम आला तो दादाच्या दहावीच्या निकालानंतर. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांची खोकी तेव्हा मिळायची. आतून सगळी एकाच जपानी मशीनची भावंडं, १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची. कार्ट्रिजला आम्ही कॅसेटच म्हणायचो आणि व्हिडिओ लायब्ररीतून ती दिवसाला पाच रुपये भाड्याने आणायचो. उद्या परत करायची, म्हणून आजच संपवायची. कॉन्ट्रा आम्ही तसाच संपवला, दादा लाल आणि मी निळी. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, मग बी आणि ए, की तीस जीव मिळायचे. हा मंत्र शेजारच्या वाड्यातल्या मुलाने सांगितला, त्याला कोणी सांगितला देव जाणे. शेवटच्या राक्षसाचं हृदय फुटलं, बेट उद्ध्वस्त झालं, नावं वर सरकली, आणि आम्ही दोघं अंगणात जाऊन बसलो. गेम संपला होता. त्याला आमच्याकडून आता काही नको होतं.

मारिओची पहिली लेव्हल आठवते का? १९८५ चा गेम, सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असे पन्नास मारिओ मावतील. जागा वाचवायला त्यांनी ढगाचाच आकार हिरवा रंगवून झुडूप म्हणून वापरला होता. लहानपणी मला हे दिसलंच नव्हतं. पण टेस्टर झाल्यावर मी ती लेव्हल परत परत खेळले ती वेगळ्याच कारणासाठी. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळतं. थोड्याच पावलांवर समोरून एक रागीट अळंबी चालत येते. उडी मारली नाही तर मेलात, पण लेव्हल नुकतीच सुरू झालेली, त्यामुळे जातो तो एक जीव आणि काही सेकंद. वर प्रश्नचिन्हाची वीट. तिला डोकं आपटलं की मश्रूम निघतं, उजवीकडे घरंगळतं, हिरव्या पाइपला धडकून उलटं फिरतं आणि थेट तुमच्याकडे येतं. वर विटांचं छत असल्यामुळे ते चुकवणंही अवघड. ते अंगावर येतं, तुम्ही घाबरता, आणि मारिओ मोठा होतो. शत्रू कोण, मित्र कोण, उडी कशासाठी, एवढं सगळं अर्ध्या मिनिटात शिकवून झालं, आणि पडद्यावर सूचनेचा एक शब्द नाही. खेळणाऱ्याबद्दल एवढी माया मी फार थोड्या गोष्टींत पाहिली आहे.

ती माया आजही आहे. सेलेस्ट नावाचा २०१८ चा डोंगर चढायचा गेम घ्या. त्यात कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण चालतं. डोळ्याला हे दिसत नाही. तुम्हाला वाटतं, आपण अगदी वेळेवर उडी मारली. खरं तर थोडा उशीर झालेला असतो आणि गेमने तो पोटात घातलेला असतो. गेम अवघड आहे, अगदी घाम काढतो, पण तो तुमच्या बाजूने अवघड आहे.

आता दुसऱ्या बाजूने अवघड म्हणजे काय, ते मी माझ्या कामाच्या टेबलावर पाहिलं. रंगीत गोट्या जुळवायचा एक मोबाइल गेम आमच्याकडे टेस्टिंगला होता. कंपनीचं नाव घेत नाही. सदतिसावी लेव्हल २४ चालींत सोडवायची होती. एका बुधवारी गेमची नवी आवृत्ती आली, त्यात चाली १९ झालेल्या. मला वाटलं कोणाच्या तरी हातून आकडा चुकला, म्हणून बग, म्हणजे चुकीचा रिपोर्ट, नोंदवला. तासाभरात तो बंद होऊन परत आला, खाली शेरा: मुद्दाम केलं आहे. त्या दुपारी मी ती लेव्हल पन्नास वेळा खेळले आणि वहीत नोंदी केल्या. चारदा सुटली. उरलेल्या शेहेचाळिसांपैकी तीसेक वेळा मी अवघ्या एक-दोन चालींनी हरले. हरल्याबरोबर पडदा हळूच अंधारायचा, उरलेल्या दोन गोट्या मात्र लुकलुकत राहायच्या, आणि खाली बटण यायचं: आणखी पाच चाली, २९ रुपये. पहिल्या हरण्याला ते बटण यायचं नाही. तिसऱ्या-चौथ्याला यायचं, माणूस चिडलेला आणि अडकलेला असताना. ती लेव्हल कोणाला काही शिकवायला केलेलीच नव्हती. ती जेमतेम हरवायला केली होती. माझं काम ती बरोबर हरवते आहे का हे तपासण्याचं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि पुढच्या वर्षी मी मोबाइलचा विभाग सोडला.

कोणी म्हणेल, जत्रेतली आणि मॉलमधली आर्केड मशिनंही नाणी गिळायचीच की. गिळायचीच. ती तर मुद्दाम अवघड केलेली असायची, नाहीतर एका टोकनवर पोरं तासभर खेळली असती. फरक एवढाच की त्या मशीनला मी कोण ते माहीत नव्हतं. सगळ्यांना ते सारखंच मारायचं. शिवाय टोकन संपलं की आई हात धरून घरी न्यायची. खिशातलं मशीन तुम्ही कुठल्या लेव्हलला सोडून गेलात, रात्री किती वाजता परत आलात, किती रुपयांपर्यंत जाता, हे सगळं लिहून ठेवतं आणि त्याप्रमाणे बटण पुढे करतं.

हे एका दिवसात झालं नाही. १९९३ साली डूम या गेमचा पहिला भाग फुकट होता, पुढचे दोन हवे असतील तर पैसे पाठवा. चोख व्यवहार. एप्रिल २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत एक्सबॉक्सवर अडीच डॉलरला विकायला आलं. जगभरच्या खेळाडूंनी थट्टा केली, आणि विकतही घेतलं. धंद्याने थट्टा सोडून दिली आणि विक्री लक्षात ठेवली. २००९ साली फिफा या फुटबॉलच्या गेममध्ये अल्टिमेट टीम आली, म्हणजे तुमचा मुलगा मागतोय ती बंद पाकिटं: पैसे आधी, खेळाडू कोणता निघेल ते नशीब. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ आला तेव्हा पूर्ण किमतीचा गेम घेऊनही त्यातला खलनायक डार्थ व्हेडर म्हणून खेळायला ६०,००० क्रेडिट (खेळून जमवायचे गुण) लागत होती, आणि ती जमवायला सुमारे चाळीस तास लागतात असा हिशेब खेळाडूंनी मांडला. इतका गहजब झाला की ईए कंपनीने आकडा तडकाफडकी ७५ टक्क्यांनी खाली आणला. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने पैसे देऊन उघडायची अशी पाकिटं तिथल्या कायद्याने जुगार ठरतात असं जाहीर केलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये ईएने तिथे फिफा पॉइंट्सची विक्री थांबवली. तुमच्या मुलाला नाही म्हणताना अपराधी वाटत असेल तर एका अख्ख्या देशाने नाही म्हटलंय, हे लक्षात असू द्या.

पैशाला हिरे, नाणी, पॉइंट्स असं नाव का देतात, हेही त्याला बसवून समजवा. वस्तू १२० हिऱ्यांची असते आणि हिऱ्यांच्या पुड्या १०० आणि ५०० च्या असतात. काही ना काही उरतंच, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढची पुडी घेतो. दहा वर्षांच्या मुलाला हे गणित सहज कळतं. माझ्या पुतण्याला कळलं. तो स्वतःच म्हणाला, "काकू, म्हणजे हे मुद्दाम करतात?" हो, मुद्दाम करतात.

डिस्क घातल्यावर होणाऱ्या डाउनलोडचं कारण मात्र एवढं वाईट नाही. डिस्क छापायला जायची तारीख बाजारात यायच्या कित्येक आठवडे आधीची असते. छपाईला गेल्यानंतरही टीम काम करत राहते आणि ते काम पहिल्या दिवशीच्या पॅचमधून, म्हणजे दुरुस्तीच्या डाउनलोडमधून, येतं. वाईट आहे ती या सोयीमुळे लागलेली सवय: आत्ता विका, नीट नंतर करू. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या कच्च्या अवस्थेत आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. २०२३ च्या शरद ऋतूत २.० अपडेट आलं तेव्हा तो खरोखर सुंदर गेम झाला. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली ते त्याचे बिनपगारी टेस्टर ठरले. म्हणून माझा नियम साधा आहे. कुठलाही मोठा गेम वर्षभराने घ्या. तोवर तो दुरुस्त होतो आणि स्वस्तही.

किंमत पाच हजार का, यावर मी धंद्याची थोडी बाजू घेईन. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५ च्या आसपास ६० डॉलर होती आणि २०२० पर्यंत ६० च राहिली, मग ७० झाली. दरम्यान खर्च कुठल्या कुठे गेला. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खटल्यातल्या कागदांवर गुपित आकडे झाकणारी काळी शाई नीट लागली नव्हती, त्यातून द लास्ट ऑफ अस भाग २ या एका गेमला सुमारे २२ कोटी डॉलर लागल्याचं जगाला कळलं. एवढे पैसे अडकले की नवं काही करून बघायची कोणाची छाती होत नाही. मग प्रत्येक मोठी कंपनी न संपणाऱ्या गेमच्या मागे लागते, कारण संपणारा गेम एकदाच विकला जातो. सोनीने काँकॉर्ड हा असाच गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आणला आणि ६ सप्टेंबरला सगळ्यांचे पैसे परत करून बंद केला. दोन आठवडे! तो बनवणारा स्टुडिओ ऑक्टोबरात बंद झाला. त्या टेस्टरांनी गेममधल्या किती भिंती चाचपल्या असतील, किती रात्री जागवल्या असतील, आणि आज त्यांचं काम कोणाला दाखवायलाही शिल्लक नाही. मला हे वाचून रडू आलं होतं.

याच न संपणाऱ्या गेमचं आणखी एक दुखणं म्हणजे ते तुमचे नसतातच. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ ला आला. एकट्याने खेळायचं त्यात भरपूर होतं, तरी सर्व्हरला जोडल्याशिवाय तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याकडे नुसतं प्लास्टिक उरलं. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी केली आणि युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॉन्ट्राची जुनी कॅसेट आजही चालते. म्हणून जिथे मिळतो तिथे मी गेम जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेते, कारण तिथली फाइल एकदा उतरवली की कोणाच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही.

आता भाचीचं. आधी तिच्या आईवडिलांचा एक गैरसमज काढा. आपल्याकडे बातम्यांत रमी आणि पैसे लावायच्या ॲपनाही 'गेमिंग' म्हणतात. वर्षानुवर्षं मी नातेवाइकांना सांगत आले की माझा त्याच्याशी संबंध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व साधे गेम वेगळे काढले. निदान कायद्याच्या कागदावर तरी आमची फारकत झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

तिला खरं सांगा. हे क्षेत्र कष्टाचं आहे आणि बेभरवशाचं आहे. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी ६,८७० कोटी डॉलरच्या सौद्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमिंगमधली १,९०० माणसं घरी पाठवली. त्याच वर्षी मे महिन्यात टँगो गेमवर्क्स बंद करायची घोषणा झाली. त्यांचा हाय-फाय रश वर्षभरापूर्वीच सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. पुढे बीजीएमआय हा मोबाइल गेम काढणाऱ्या क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ घेतला म्हणून वाचला. म्हणजे चांगलं काम केलं तर नोकरी टिकते, एवढीही खात्री इथे नाही.

तरीही मी तिला थांबवणार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी २०२० मध्ये आला. लोकांकडून पैसे जमवायची २०१७ ची त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली होती, तरी त्या मूठभर लोकांनी तो पुरा केला. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, आणि हातात त्रिशूळ घेतलेली एक डोंबारी मुलगी. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. लढाईचं कॅमेऱ्याशी नीट जमत नाही, शेवट घाईत उरकलाय, हे मी टेस्टर म्हणून सांगेनच. पण निन्टेन्डोच्या स्विच या हातातल्या कन्सोलच्या त्या छोट्या पडद्यावर पहिल्यांदा दुर्गेचा आवाज आला तेव्हा मी गेम थांबवून आईला हाक मारली होती.

भाचीने महागड्या कोर्सच्या फीचा विचार करायच्या आधी गोडो हे गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवावं आणि एकच लेव्हलचा एक छोटा गेम पुरा करावा. सुरुवात, मध्य, शेवट, आणि हरल्यावर परत सुरू करायचं बटण. मग तो इच.आयओ या वेबसाइटवर टाकावा आणि पाच अनोळखी लोकांना खेळताना मागे गप्प उभं राहून बघावं. "अगं, तिकडून जा" असं एकदाही न बोलता. ते बघताना तिला मजा आली तर ती आमच्यातली. जानेवारीत ग्लोबल गेम जॅम, म्हणजे थोड्या दिवसांत मिळून गेम बनवायचा मेळावा, असतो, तिथेही जावं. अर्धवट स्वप्नांचे पोर्टफोलिओ मी ढिगाने पाहिलेत. पुरा केलेला गेम घेऊन येणारी मुलगी मुलाखतीत लगेच उठून दिसते. पुढे शिकायचंच असेल तर एनआयडीमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

राहिला तुमचा मुलगा. आजच कन्सोलवरून कार्ड काढा. त्याचं वेगळं मुलांचं खातं करा. त्यात महिन्याच्या खर्चाची मर्यादा मुळातच शून्य असते, ती तशीच राहू द्या. फुटबॉल खेळू द्या, पण मित्राबरोबर समोरासमोर, पाकिटांशिवाय. तुमच्या स्वतःसाठी एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन आहे. तोच गेम, नव्या चित्रांत, आणि २०२२ पासून त्यात गुर्जर, बंगाली, द्रविड अशा सेनाही आल्यात, त्या भागाचे पैसे वेगळे.

पण त्याआधी एक करा. तुमच्या पीएस५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम नावाचा गेम आहे. सोनीने तो प्रत्येक मशीनमध्ये आधीच घालून दिलाय. बहुतेक लोक मेनूमधून तो ओलांडून पुढे जातात. त्यात दुकान नाही, पाकिटं नाहीत, एका रविवारी दुपारी तो संपतो. छोटा यंत्रमानव वाळूतून चालतो तेव्हा कन्ट्रोलर हातात वाळूसारखा किरकिरतो, काचेवर आला की टकटकतो. आवाज बंद करून आणि डोळे मिटूनही तो कशावर चालतोय ते सांगता येतं. मुलाला डोळे मिटायला सांगा, तुम्ही चालवा, कन्ट्रोलर दोघांच्या हातात धरा, आणि त्याला ओळखू द्या.